आपल्या काळ्या पाषाणाखाली शिलारस आहे का?

वसमत तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आहे. पांगरा शिंदे परिसरात बऱ्याच वर्षांपासून जमिनीखालून गडगड आवाज येतात, मांडणीवरची भांडी वाजतात. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हापासून गावात बोलणं आहे की खाली लाव्हा खदखदतोय. वर्गातली मुलं विचारतात, आपला काळा पाषाण लाव्ह्यापासून झाला असं पुस्तकात आहे, मग तो लाव्हा अजून खाली शिल्लक आहे का? शिलारस तयार कुठे होतो, एवढ्या जाड खडकातून वर येतो कसा, आणि पुन्हा येईल का?

गुरुजी, आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणांकडे जातो. मराठवाड्याखाली आज शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, नाही. हाच शिलारस जमिनीवर आला की त्याला लाव्हा म्हणतात. तुमच्या शाळेच्या अंगणातून खाली भोक पाडत गेलात तर आधी काही शे मीटर काळा पाषाण लागेल, त्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस हे फार जुने खडक, मग त्याच जातीचे पण आणखी दाबलेले, तापलेले खडक पस्तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत. तिथे भूकवच संपतं आणि प्रावरण सुरू होतं. तेही घनच आहे. मुलांच्या मनात जे चित्र असतं, की आपण एका पातळ कवचावर राहतो आणि खाली सगळा लाव्हा भरलेला आहे, ते पुस्तकातल्या नारिंगी रंगाने तयार केलेलं आहे. ते आधी पुसायला हवं, कारण ते डोक्यात असेल तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

प्रावरण घन आहे हे आपल्याला भूकंपांनी सांगितलं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून आरपार जातात आणि थेट 2,900 किलोमीटर खोलीवर, पृथ्वीच्या बाह्य गाभ्यापाशी अडतात. तिथे खरोखरच द्रव आहे, पण तो मुख्यतः वितळलेल्या लोखंडाचा. ज्वालामुखीतून येणाऱ्या शिलारसाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे शिलारस साठवलेला नसतो, तो घन खडकातून प्रत्येक वेळी नव्याने तयार व्हावा लागतो. त्यासाठी विशेष परिस्थिती लागते आणि ती पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी असते. मला या उत्तरात मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आता तो तयार कसा होतो ते पाहू. खोल जावं तसं तापमान वाढतं हे खरं. शंभरेक किलोमीटरवर, जिथे प्रावरण बऱ्यापैकी तापलेलं आहे तिथे, ते तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. प्रावरणाचा खडक म्हणजे पेरिडोटाइट, हिरवट ऑलिव्हिन खनिजाने भरलेला. हाच खडक जमिनीवर आणून तापवला तर अकराशे अंशांच्या थोडं पुढे वितळायला लागतो. मग तेराशे अंशांवर खाली घन कसा राहतो? दाबामुळे. वर शंभर किलोमीटर खडकाचं ओझं असतं आणि दाब वाढला की वितळणबिंदूही वाढतो. त्या खोलीवर कोरडा पेरिडोटाइट वितळायला साडेचौदाशे अंशांच्या घरात तापमान लागतं. म्हणून गरम असूनही तो घन राहतो.

इथून वितळण्याकडे जायचे मार्ग मोजकेच आहेत, आणि त्यातला सगळ्यांच्या मनात पहिला येणारा, म्हणजे आणखी तापवणं, हा प्रावरणात सगळ्यात कमी कामाचा. खरा मोठा मार्ग आहे दाब कमी करण्याचा. घन असलं तरी प्रावरण लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतं, वर्षाला काही सेंटिमीटर. असा तापलेला खडक हळूहळू वर सरकू लागला की तो प्रसरण पावतो आणि थोडा थंड होतो, पण दर किलोमीटरला जेमतेम अर्धा अंश. त्याच किलोमीटरमध्ये दाब उतरल्यामुळे त्याचा वितळणबिंदू मात्र तीन-चार अंशांनी खाली येतो. वर येता येता एका खोलीवर दोन्ही आकडे जुळतात आणि खडक वितळायला लागतो. बाहेरून एका अंशाचीही उष्णता दिलेली नसते. समुद्राच्या तळाशी जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे सतत हेच चालू असतं, आणि आपला दख्खनचा पाषाणही याच मार्गाने आला.

6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे भूपट्टांच्या मानाने भलत्याच वेगाने, उत्तरेकडे येत होता. वाटेत तो प्रावरणातल्या एका उष्ण प्रवाहावरून गेला. तो प्रवाह आजही आहे. हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी त्याच्यावरच धगधगतो. असे प्रवाह भोवतालच्या प्रावरणापेक्षा शे-दोनशे अंशांनी जास्त तापलेले असतात, त्यामुळे त्यांचं वितळणं अधिक खोलीवर सुरू होतं आणि अधिक होतं. शिवाय त्याच काळात आपल्या पश्चिमेला भूखंड ताणला जात होता आणि पुढे सेशेल्सचा तुकडा तिथून वेगळा झाला. ताणल्यामुळे वरचा थंड, जाड भाग पातळ झाला आणि खालच्या गरम खडकाला आणखी वर यायला वाव मिळाला. जाड, थंड खंडाखाली नुसता उष्ण प्रवाह आला तर तो खोलवरच अडतो, फारसा वितळत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र येणं महत्त्वाचं होतं.

दुसरा मार्ग पाण्याचा. समुद्राचा तळ जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तिथे त्याच्या खनिजांमध्ये अडकलेलं पाणी खोल गेल्यावर सुटतं आणि वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी शिरलं की खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. अँडीज, जपान, सुमात्रा इथले ज्वालामुखी याच पद्धतीचे. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमानातलं बॅरन बेट, त्याच रांगेतला. तो दीर्घ शांततेनंतर 1991 मध्ये जागा झाला.

आणि तिसरा मार्ग, म्हणजे प्रत्यक्ष उष्णता, हा मुख्यतः भूकवचात चालतो. प्रावरणातून आलेला बाराशे अंशांचा शिलारस कवचाच्या तळाशी साचला तर त्याच्या शेजारचे खडक वितळतात, कारण ग्रॅनाइटी खडक पेरिडोटाइटपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळतात. पाणी मुबलक असेल तर 650 अंशांपासूनच. पाणी मोकळं नसेल तर अभ्रकात बांधलेलं पाणी सुटण्याची वाट पाहावी लागते, आणि ते साधारण 700 ते 900 अंशांच्या दरम्यान, अभ्रकाच्या जातीप्रमाणे, सुटतं. हिमालयात तर खालून शिलारस न येताही कवच वितळलं. दोन खंडांच्या टकरीत कवच दुप्पट जाड झालं, त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता आत कोंडली, आणि दोनेक कोटी वर्षांपूर्वी पांढरे अभ्रकी ग्रॅनाइट तयार झाले. एव्हरेस्ट आणि मनास्लूच्या परिसरात ते उघडे दिसतात.

आता एक गोष्ट मुलांना नक्की सांगा, कारण मोठ्यांनाही ती माहीत नसते. खडक कधीही संपूर्ण वितळत नाही. तो अनेक खनिजांचा बनलेला असतो आणि प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान वेगळं. जत्रेत बर्फाचा गोळा घेऊन मुलं त्यातला रंगीत रस ओढून घेतात आणि हातात पांढरा फिका बर्फ उरतो, तसंच काहीसं इथे घडतं. आधी वितळणारा भाग वेगळा होतो आणि न वितळलेला घन भाग मागे राहतो. उष्ण प्रवाहातला खडक तीस किलोमीटर वर आला तरी त्याचा दहा टक्क्यांच्या आसपासच भाग वितळलेला असतो, कारण वितळण्यासाठी लागणारी सगळी उष्णता खडकालाच स्वतःतून द्यावी लागते. म्हणून पेरिडोटाइट अर्धवट वितळून बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, मिळतो आणि बेसाल्टी किंवा चिकणमातीपासून बनलेला खडक अर्धवट वितळून ग्रॅनाइट मिळतो. प्रत्येक टप्प्यावर सिलिका, पोटॅशियम, सोडियम वर सरकतात आणि मॅग्नेशियम खाली राहतं. खंडांचं कवच मुळात असंच तयार झालं.

हा दहा टक्के द्रव एका जागी नसतो. तो खनिजांच्या कणांमधल्या कडांवर, केसापेक्षा बारीक वाटांमध्ये पसरलेला असतो. ऑलिव्हिनच्या कणांमध्ये या वाटा एकमेकांना जोडलेल्या राहतात. द्रव एक टक्का किंवा त्याहून कमी असला तरी वाट तुटत नाही. आणि शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो. प्रावरणाची घनता पाण्याच्या 3.3 पट, बेसाल्टी शिलारसाची 2.7 ते 2.8 पट. या फरकामुळे घन भाग हळूहळू दबून बसतो आणि द्रव वर पिळला जातो. पुढे या वाटा एकत्र येऊन मोठ्या होतात. इथपर्यंत सारं काही शिलारसाच्या बाजूने असतं.

अडचण सुरू होते ती भूकवच लागल्यावर. कवचाच्या खडकांची घनता 2.7 ते 2.9. म्हणजे आतापर्यंत जो हलकेपणा शिलारसाला वर ढकलत होता तो जवळजवळ संपतो. शिवाय भोवतालचा खडक आता थंड आणि कडक. म्हणून प्रावरण आणि कवच यांच्या सीमेवर पुष्कळ शिलारस थांबतो, आडवा पसरतो आणि तिथेच गोठतो. जगभरचे अंदाज सांगतात की खंडांवर जेवढा लाव्हा जमिनीवर येतो त्याच्या पाच-दहा पट शिलारस आतच राहून जातो. ज्वालामुखी म्हणजे वाट सापडलेल्या थोड्या शिलारसाची गोष्ट असते, आणि भूगर्भशास्त्रात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारा भाग हाच वाटत आला आहे, की उरलेलं सगळं न दिसता घडतं.

थांबलेला शिलारस स्वस्थ बसत नाही. थंड होताना त्यातून आधी ऑलिव्हिन, मग पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज यांचे स्फटिक सुटत जातात आणि उरलेला द्रव बदलत जातो. पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की आत द्रवाने काठोकाठ भरलेली मोठी पोकळी असते. आता भूकंपलहरींच्या अभ्यासातून दिसतं ते वेगळं आहे. बहुतेक वेळ तिथे स्फटिकांचा दाट राबडा असतो, द्रव थोडाच, आणि असे साठे एकावर एक अनेक खोलींवर असतात. नवा गरम शिलारस खालून शिरला की त्यातला काही भाग पुन्हा वाहता होतो. सह्याद्रीत याचा देखणा पुरावा आहे. नाशिक-इगतपुरीकडच्या घाटात काही थर असे आहेत की काळ्या पाषाणात बोटाएवढे लांब पांढरे प्लॅजिओक्लेजचे स्फटिक विखुरलेले दिसतात. लाव्हा बाहेर आल्यावर एवढे मोठे स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. ते आत, साठ्यात, निवांत वाढले आणि मग उद्रेकात बाहेर आले.

वाटेत शिलारस कवचाचा खडकही खातो. हे ओळखण्यासाठी स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजतात. जुन्या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम जास्त असतं, ते कोट्यवधी वर्षं क्षय पावून स्ट्रॉन्शियम-87 तयार होत राहतं. त्यामुळे प्रावरणातून सरळ आलेल्या बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम-87 आणि स्ट्रॉन्शियम-86 यांचं गुणोत्तर 0.704 च्या आसपास असतं आणि ग्रॅनाइट पोटात घेतलेल्या बेसाल्टमध्ये ते वाढतं. सह्याद्रीतल्या आंबेनळी नावाच्या थरसमूहात ते 0.704 च्या जवळ आहे, तर त्याच्या खालच्या बुशे थरसमूहात 0.713 च्याही वर जातं. म्हणजे बुशेचा शिलारस जुन्या कवचात चांगलाच रेंगाळला होता, आणि पुढे वाटा तापून, धुऊन निघाल्यावर आंबेनळीचा लाव्हा फारसं काही न खाता वर आला. धुळे भागात शिलारसाने भरून गोठलेल्या काही भेगांमध्ये, म्हणजे डाइकमध्ये, तर खालच्या नाइसचे तुकडे अख्खेच्या अख्खे अडकलेले सापडतात. नुसते आकड्यांचे हिशेब मांडण्यापेक्षा असा एक मुठीएवढा तुकडा हातात घेतला की शिलारस कुठून गेला ते जास्त पटतं.

डाइक म्हणजे शिलारसाने भरलेली आणि तिथेच गोठलेली उभी भेग. कवचातून वर येण्याची मुख्य पद्धत हीच. शिलारस खडक वितळवत वर येत नाही, तेवढी उष्णता त्याच्याजवळ नसते. तो खडक फाडत येतो. साठ्यातला दाब खडकाच्या ताकदीपेक्षा वाढला की भेगेचं टोक पुढे सरकतं आणि शिलारस त्यात घुसतो. भेग कुठल्या दिशेने उघडेल हे त्या प्रदेशात सगळ्यात कमी दाब कोणत्या बाजूने आहे त्यावर ठरतं. आणि हे वेगाने व्हावं लागतं, कारण दोन्ही बाजूंचा थंड खडक उष्णता शोषत असतो. एक मीटर रुंदीची भेग काही दिवसांत गोठून बंद होते, दहा मीटर रुंदीची वर्षभर तग धरते. रुंदी दहापट झाली की वेळ शंभरपट मिळतो. म्हणून अरुंद भेगा वाटेतच मरतात आणि रुंद भेगा जमिनीपर्यंत पोचतात. आइसलँडमध्ये हे डोळ्यांदेखत घडलं. 2014 मध्ये बारदारबुंगा ज्वालामुखीतून निघालेली भेग दोन आठवड्यांत पंचेचाळीस किलोमीटरहून जास्त गेली आणि मग दूरच्या मैदानात लाव्हा बाहेर आला. 10 नोव्हेंबर 2023 ला ग्रिंडाविक गावाखालून सुमारे पंधरा किलोमीटरची भेग काही तासांत उघडली. शास्त्रज्ञ भूकंपांचे केंद्रबिंदू सरकताना पाहत होते. गाव रातोरात रिकामं केलं आणि 18 डिसेंबरला उद्रेक झाला.

आपल्याकडे अशा भेगांचे मोठे समूह नंदुरबार-धुळे पट्ट्यात, कोकणात आणि नाशिक-पुणे भागात आहेत. धुळे-नंदुरबारकडे डाइकच्या रांगा माळरानावर बांधलेल्या भिंतींसारख्या उभ्या दिसतात, कित्येक तर मैलोन्‌मैल. मराठवाड्यात डाइक कमी आहेत. इथे मुख्यतः आडवे थर आहेत, कारण बेसाल्टी लाव्हा पातळ असतो आणि उतार मंद असला तरी लांब जातो. वरची साल गोठते, आतला लाव्हा त्या सालीखाली गरम राहून पुढे सरकतो आणि थर आतून फुगत जातो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी जे लाव्हा थर आहेत त्यांची रासायनिक ओळख सह्याद्रीतल्या थरांशी जुळते. गोदावरीच्या जुन्या खोऱ्यातून तो लाव्हा हजारेक किलोमीटर वाहत गेला असं अभ्यासक मानतात. एकेका मोठ्या उद्रेकात हजार घनकिलोमीटरच्या पुढे लाव्हा आला. 1783 मध्ये आइसलँडच्या लाकीचा उद्रेक आठ महिने चालला आणि त्यात पंधरा घनकिलोमीटर लाव्हा आला होता, यावरून दख्खनचा आवाका कळेल.

मुलांना हे सगळं दाखवायला तुमच्या गावची एखादी खोल, कोरडी, कठडा असलेली विहीर पुरे आहे. खालून वर बघत या. तळाशी घट्ट काळा पाषाण, एकाच जातीचा, उभ्या भेगांचा. वर जाल तसा तो जाळीदार होतो, भोकं दिसतात, भोकांत पांढरी गारगोटी किंवा झिओलाइट नावाचं खनिज भरलेलं. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. ती भोकं म्हणजे लाव्ह्यातून वर आलेल्या वायूचे बुडबुडे. शिलारस खोल असताना पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेले असतात, दाब उतरला की सुटतात. त्याच्याही वर काही ठिकाणी विटकरी लाल गेरूचा पट्टा असतो. तो दोन उद्रेकांच्या मधल्या काळात थराचा माथा उन्हापावसात कुजून झालेला. मग पुन्हा घट्ट पाषाण, म्हणजे पुढचा लाव्हा. पाणी साधारणपणे मांजऱ्यात आणि भेगांत लागतं, घट्ट पाषाणात नाही, आणि त्याचं मूळ कारण सहा कोटी वर्षांपूर्वीचे बुडबुडे आहेत. वेरूळ आणि अजिंठ्याला याच थरांत लेणी खोदली. तिथे थरांच्या सीमा भिंतींवर स्पष्ट ओळखता येतात.

पण एक सहल मात्र पूर्वेला न्या, नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे. तिथे काळा पाषाण संपतो आणि गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोल धोंडे, उघडे कातळ सुरू होतात. मराठवाड्यातलं हे माझ्या सगळ्यात आवडीचं ठिकाण, कारण शिलारसाच्या दोन्ही गती तिथे शेजारी शेजारी आहेत. काळा पाषाण म्हणजे बाहेर पोचलेला शिलारस. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण तो लवकर गोठला. ग्रॅनाइट म्हणजे न पोचलेला. त्यात फेल्डस्पार, क्वार्ट्झ, अभ्रक वेगवेगळे ओळखू येतात, कारण तो कित्येक किलोमीटर खाली लाखो वर्षं निवत होता. ग्रॅनाइटी शिलारस सिलिकामुळे बेसाल्टीपेक्षा लाखो पटींनी दाट असतो, सहजासहजी बाहेर पडत नाही. त्या कातळात आडव्यातिडव्या पांढऱ्या-गुलाबी शिरा दिसतील, मोठाल्या स्फटिकांच्या. त्या सगळ्यात शेवटी उरलेल्या, पाणीदार शिलारसाच्या. आणि नाइसमध्ये जिथे फिक्या-गडद पट्ट्या एकमेकांत मुरलेल्या दिसतात तिथे काही फिक्या पट्ट्या म्हणजे वितळायला सुरुवात झाली आणि द्रव जागचा हललाच नाही अशा. हे ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावरचे किलोमीटरचे किलोमीटर खडक झिजून गेले, ते उघडे पडले, आणि मग त्या उघड्या जमिनीवर दख्खनचा लाव्हा पसरला. एका हाताखाली ग्रॅनाइट आणि दुसऱ्या हाताखाली बेसाल्ट असेल तर मधे चोवीसशे दशलक्ष वर्षं, म्हणजे दोनशे चाळीस कोटी वर्षांचा काळ गेलेला आहे.

हेच आपल्या सगळ्यांच्या पायाखाली आहे, फक्त झाकलेलं. त्याचा प्रत्यक्ष पुरावा किल्लारीत मिळाला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल बोअर घेतलं. पहिले 338 मीटर काळा पाषाण लागला. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची जमीन. आणि त्याखाली तळापर्यंत जुने स्फटिकी खडक, तेही असे की जे मुळात कवचात खूप खोल, मोठ्या दाबाखाली तयार होतात. कुठेही वितळलेलं काही नाही. त्याहून बोलका आकडा उष्णतेचा आहे. किल्लारी परिसरात जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे 43 मिलिवॅट मोजली गेली. जगातल्या खंडांची सरासरी 65 च्या आसपास आहे. म्हणजे मराठवाड्याखालचं कवच सरासरीपेक्षा थंड आहे. या हिशेबाने कवचाच्या तळाशीही तापमान पाचशे अंशांच्या आसपासच भरतं. ग्रॅनाइटला भरपूर पाणी मिळालं तरी 650 लागतात, हे वर आलंच आहे.

मग उनकेश्वरचं गरम पाणी? किनवट तालुक्यातलं हे तीर्थ सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्यावरूनही लाव्ह्याचा तर्क केला जातो. पाणी साधारण 42 अंशांचं. पावसाचं पाणी खोल भेगेतून किलोमीटरभर खाली गेलं तर दर किलोमीटरला वीस-पंचवीस अंश या साध्या दराने ते एवढं तापतं आणि दुसऱ्या वाटेने लवकर वर आलं तर गरमच निघतं. शिलारसाची गरज पडत नाही. लोणारबद्दलही मुलं विचारतीलच. ते बेसाल्टमध्ये आहे, पण ज्वालामुखीचं तोंड नाही. उल्का आदळून ते झालं, आणि प्रचंड आघातानेच बनणारी काच तिथल्या खडकांत सापडली आहे.

आता आवाज आणि हादरे. भारत आजही उत्तरेकडे सरकतोय आणि हिमालयापाशी अडतोय. तो ताण संपूर्ण द्वीपकल्पात साठतो आणि जुन्या, कमकुवत भेगांवर मोकळा होतो. काळ्या पाषाणाखालच्या त्या जुन्या खडकात अशा भेगा आहेत. धक्का उथळ असेल आणि खडक कडक असेल तर लहरींचा जलद कंप जमिनीतून हवेत उतरतो आणि कानाला ऐकू येतो. छोट्या धक्क्यात हादरा जाणवत नाही, नुसता आवाज येतो. शिलारस वर येत असता तर गोष्ट वेगळी दिसली असती. धक्क्यांचे केंद्रबिंदू दिवसागणिक एका दिशेने सरकले असते, जमीन फुगली असती आणि उपग्रहांनी ती मोजली असती, गंधकाचे वायू निघाले असते, विहिरींचं पाणी तापलं असतं. यातलं काहीही वसमत, औंढा, कळमनुरीत नाही.

पुन्हा येईल का, याचं उत्तर त्याच तीन मार्गांत आहे. आपल्याखाली समुद्राचा तळ घुसत नाही. भूखंड ताणला जात नाही, उलट दाबला जातोय. आणि ज्या उष्ण प्रवाहाने दख्खन घडवला तो हजारो किलोमीटर मागे, रियुनियनखाली राहिला. अशी परिस्थिती बदलायला कोट्यवधी वर्षं लागतात.

म्हणून गुरुजी, गावात बोलायचंच असेल तर लाव्ह्याऐवजी घरांबद्दल बोला. किल्लारीला आठ-दहा हजार माणसं गेली ती माती-दगडाच्या दोन-दोन हात जाड भिंतींखाली आणि त्यावरच्या माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. तशी घरं तुमच्या तालुक्यातही आहेत. जुन्या भिंतीत आरपार जाणारे लांब दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवून घ्यावेत, माळवदावर दरवर्षी चढवली जाणारी माती उतरवून वजन कमी करावं, नव्या बांधकामात दारांच्या वर सगळ्या भिंतींना धरणारा सलग सळईचा पट्टा घालावा. शाळेत एक वही ठेवा. आवाज आला की तारीख, वेळ, किती सेकंद, कुठल्या बाजूने आला, भांडी हलली की नाही, एवढं मुलांकडून लिहून घ्या आणि दर महिन्याला त्याची प्रत तहसील कार्यालयात द्या. भूकंपमापक यंत्र कुठे बसवायचं हे ठरवताना अशा नोंदींचा उपयोग होतो.